खिडकीजवळचं मशीन

माझ्या मावशीला क्षय झाला, तेव्हा घरात पहिली धावपळ झाली ती आजाराला दुसरं नाव शोधायची. आजी म्हणाली, टायफॉइड सांगू. मामा म्हणाला, नुसता अशक्तपणा म्हणा. मावशी उठून बसली. "टीबी झालाय. मला लाज वाटत नाही, तुम्हाला कसली वाटते?"

शिलाईच्या कारखान्यात ती कॉलरी लावते, मी काजं-बटणं करते.

आजीच्या मते तिच्या तापट स्वभावानं हे झालं. शेजारणीच्या मते घराण्यातच असणार. "जंतू आहेत ते," मावशी म्हणायची, "त्यांना माझा स्वभाव माहीत असता तर आलेच नसते." शेजारीण गॅलरीचं दार लावून घेऊ लागली, तशी मावशी रोज सकाळी गॅलरीत उभी राहून गोळ्या घेऊ लागली. एकेक उंच धरून! मळमळून भिंत धरायची, पण चुकवायची नाही. पुढे ती अंग धरू लागली, तेव्हा मामा म्हणाला, "छान दिसतेस की. पुरे आता गोळ्या." तिनं त्याला असा फैलावर घेतला की बरेच दिवस तो फिरकलाच नाही. "कॉलरही वरून छानच दिसते. आतली शिवण उसवलीय का, ते कोण बघणार?"

डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ती कामावर आली. खिडकीजवळ तिचं मशीन नव्हतं. मालकानं ते जिन्याखालच्या बोळकांडीत, कापडाच्या गाठोड्यांमागे नेऊन ठेवलं होतं.

"तुमच्याच भल्यासाठी. निवांत बसा तिकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी मात्र सरळ बोळकांडीत शिरली. बाह्या सरसावून तिनं मशीन ओढायला घेतलं. मी पुढे झाले, तर म्हणाली, "तू हो बाजूला." फरशीवर लोखंडी पाय करकरत मशीन जागेवर आलं. आणि मावशीला खोकला आला.

सगळी मशीनं थांबली.

"कापडाची धूळ आहे ही," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्हीही दिवसभर खोकताच की. तुमचा तेवढा खोकला आणि माझा मात्र रोग?"

शेजारच्या मशीनवर म्हातारे मास्तर बसतात. त्यांना नीट दिसत नाही. त्यांच्या हातशिलाईच्या सुईत दोरा ओवायचा तो मावशीनंच, टोक ओठांनी ओलं करून. ती नव्हती तेव्हा मी ओवायची. मास्तरांनी सुई-दोरा तिच्यापुढे धरला.

"दे गं ओवून. ही तुझी भाची कोरडाच ओवते, सारखा निसटतो."

मावशीनं मालकाकडे बघत बघत टोक ओठांत धरलं, ओलं केलं, ओवलं. ओलं टोक जरा लांब राहिलं होतं. मास्तरांनी कात्री शोधली नाही. नेहमीसारखं ते दातांनी तोडलं, थुंकलं आणि विचारलं, "मालक, त्या बोळकांडीत माझंही मशीन मावेल का हो?"

मालक जिना चढून वर निघून गेला. मावशीनं पहिली कॉलर सुईखाली घेतली.