तळाची चार बोटं

परवा सभेच्या जनरेटरमध्ये डिझेल ओतलं आणि त्या वासानं मला थेट पुरातल्या भीमेत नेलं.

गाणगापूरजवळच्या एका वाडीचा रस्ता बुडाला होता. तिथल्या लक्ष्मीअक्काला कळा सुटल्या होत्या, आणि तिला घेऊन निघालेली आमची इंजिनाची नाव ऐन धारेत बंद पडली. मी लगेच सुरू झालो, "भेसळीचं डिझेल देतात! एकेकाला जाब विचारला पाहिजे!"

"जाब मागनं इचार, आधी दोर धर," नावाडी शरणप्पाअण्णा म्हणाले. बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला त्यांनी नाव बांधली. टाकीच्या तळाची चावी उघडून बाटली भरली आणि नुसते बघत बसले. डिझेल वर राहिलं, पाणी खाली बसलं.

"पिंपातलं किती वतलास?" त्यांनी मला विचारलं; निघताना पिंपातून टाकी मीच भरली होती.

"सगळं. थेंब सोडला न्हाई," मी म्हणालो.

"तळाला चार बोटं सोडायची असतात, बाबा. पाणी तिथंच बसतंय."

"अण्णा, कामून थांबलाव?" अक्का कळवळली.

"पाणी काढायलोय, माय. दम धर."

त्यांनी टाकी निथळली, फिल्टर निथळला, नळीतली हवा जाऊन बुडबुडे थांबेपर्यंत इंजिनाचा हातपंप मारला. चहूकडं भीमा गर्जत होती. इंजिन धडधडलं.

काठावर जीप उभी होती. अक्काला मुलगी दवाखान्यातच झाली. जीप गेल्यावर कुणीतरी विचारलं, "नाव कामून बंद पडली?"

"डिझेलात पाणी व्हतं," अण्णा म्हणाले.

कुणामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. पत्रकांत दोषी माणसाचं नाव ठळक अक्षरांत छापणाऱ्या मला त्या मोठेपणाचा अजून थांग लागलेला नाही.