सांध्यात रिंगा नव्हत्या
कोयनेच्या भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. अक्का आणि दाजींनी तेव्हा भवानी पेठेत, गिरणी कामगारांच्या नव्या सोसायटीत, दोन खोल्या घेतल्या. अंगावरचं होतं नव्हतं ते मोडून. मी इंजिनिअरिंग शिकवायचो, म्हणून कौतुकानं काम बघायला गेलो आणि पहिल्याच खांबापाशी थांबलो. खांब आणि तुळई मिळतात त्या सांध्यात उभ्या गजांना आडव्या रिंगा बांधायच्या असतात. तिथं गजांची दाटी, हात शिरत नाही, म्हणून पठ्ठ्यांनी रिंगा घातल्याच नव्हत्या. एकाही सांध्यात नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हुबेहूब तसाच सांधा ओतला. तडे दिसावेत म्हणून वरून चुना मारला. मग कॉन्ट्रॅक्टरला आणि सोसायटीच्या चेअरमनला बोलावलं. जॅकनं तुळई वर रेटायची, मग खाली ओढायची, भूकंपात होतं तसं. बघता बघता सांध्यावर तड्यांची फुली उठली, ढलपे पडले, गज उघडे पडून वाकले. चेअरमनचं तोंड उतरलं. वरचे दोन मजले अजून व्हायचे होते. मला वाटलं, चला, निदान ते तरी नीट होतील.

कॉन्ट्रॅक्टरनं चहा संपवून बशी खाली ठेवली. "सर, आमच्या बिल्डिंगला जॅक कोण लावणार हाय?"

चेअरमन हसला. झालं! डोंबलाचं माझं इंजिनिअरिंग. वरचे मजलेही तसेच चढले.

शेवटी अक्कालाच सांगितलं, तिथं राहायला जाऊ नकोस, पैसे परत माग. तिनं उत्तर दिलं ते वास्तुशांतीला, मी पानावर बसलेला असताना, सगळ्या पंगतीदेखत.

"तुला सवताचं घर झालं न्हाई, म्हणून माझ्या घराला तडे पाडतोस व्हय?"

दाजी मान खाली घालून वाढत राहिले. मी भरल्या पानावरून उठलो. कॉन्ट्रॅक्टरचा राग होताच, पण अक्काचा त्याहून जास्त आला, आजही येतो. आईमागं जिनं मला वाढवलं, तिला मी जळका वाटलो.

भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. संध्याकाळी लुगडं घेऊन मी आपणच गेलो. जिना चढून वर आलो तर अक्का गॅलरीत उभी, हातात तबक. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी ती चंद्राला ओवाळत होती.