दालियाचा सातवा दिवस

इजिप्तमधल्या दमिएत्तात दुपारी चारच्या सुमाराला नदीवरून वारा येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतला हिरवा पडदा पोटात श्वास भरून घेतल्यासारखा फुगतो. रावियाला तो पडदाही आता श्वास मोजायला लावायचा. चार महिने तिचा डोळ्याला डोळा म्हणून लागला नव्हता. दर तीन तासांनी लेकीचं, दालियाचं दूध. नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीला रिकामी सिरिंज लावायची, नळी जागेवर असल्याची खात्री करायची, मग दूध ओतून सिरिंज उंच धरायची आणि ते आपसूक उतरू द्यायचं. घाई केली की उलटी. दूध इतकं सावकाश उतरायचं की त्याकडे बघता बघता राविया कुठल्या कुठे जायची. कधी पाण्याखाली, कधी माहेरच्या पेरूच्या बागेत. कोपऱ्यातलं प्राणवायूचं यंत्र गुणगुणत असायचं, आणि दालियाच्या पावलाला लावलेला प्राणवायू मोजणारा चिमटा तिचा इवलासा अंगठा लाल उजळवायचा.

लग्नाआधी राविया खुर्च्यांच्या गाद्या शिवायची. कापडाला सुरकुती पडू न देणारी तिची बोटं आता लेकीच्या गालावर नळीची चिकटपट्टी लावत, आणि त्या गालावर कधी पुरळ उठलं नाही. एवढं जमणाऱ्या बाईला एकच गोष्ट जमत नव्हती. दालियाच्या मागे उभं राहून टाळी वाजवणं.

मूल सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलं, तीन महिने काचेच्या पेटीत राहिलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कानांची तपासणी लवकर करून घ्या. दोष असलाच तर जितकं लवकर कळेल तितकं बरं." पहिली तारीख दालियाच्या सर्दीत गेली. दुसरी रावियाने स्वतः फोन करून पुढे ढकलली. आणि घरात तिने एक थाप मारली, की डॉक्टरांनी शांतता ठेवायला सांगितलंय, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हळू बोललं की मुलीच्या न ऐकण्याला निमित्त राहतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

सगळं घर कुजबुजायला लागलं. नवरा शौकी खालच्या कारखान्यात दिवसभर लाकूड कापायचा, आणि वर येताना चपला हातात घ्यायचा. खरी पंचाईत झाली सासूची, इन्शिराहबाईंची. चाळीस वर्षं बाजारात मासे विकलेली बाई! बोलली तर पलीकडच्या काठावरचं गिऱ्हाईक वळून बघायचं. तीही बिचारी नुसते ओठ हलवून बोलायची.

"पोरी," एके दिवशी ती रावियाच्या कानाशी लागली, "हिचा सातवा दिवस राहिलाय."

"आई, सात महिने झाले तिला."

"सात ते सातच. बारसं न झालेलं मूल पाहुण्यासारखं राहतं घरात. पाहुणा उठून जाऊ शकतो."

"माणसं जमतील, कुणी खोकेल—"

"कुणी नको. आपण चौघंच. पोरीला ठेवायची मोठी चाळण उकळत्या पाण्याने धुते, वर नवं कापड घालते. हलवणार नाही, नुसतं ठेवायचं. झालं?"

रावियाने येत्या शुक्रवारसाठी होकार दिला. खल-बत्त्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं, पण बाळाच्या कानाशी पितळी खल बडवल्याशिवाय सातवा दिवस होत नाही हे रावियाला ठाऊक होतं. शुक्रवार येईपर्यंत ती जीव मुठीत धरून वावरली.

शुक्रवारी कारखाना बंद. खोलीभर 'मुगात' या बाळंतिणीच्या काढ्याचा, तुपाचा वास. मातीच्या सुरईला गुलाबी फीत बांधलेली. दालिया चाळणीत पसरली होती, नळ्यांसकट, आणि स्वतःचा लाल अंगठा बघण्यात गुंग होती. रिवाजाप्रमाणे रावियाने तिला सात वेळा ओलांडायचं होतं. मुलीला आणि प्राणवायूच्या नळीला, दोन्हींना.

तिने पाय उचलला, आणि सासूने बत्ता हाणला.

गॅलरीतली कबुतरं फडफडून उडाली. शौकी दचकला, हातातला पेला हिंदकळला. दालिया अंगठा बघत होती.

दुसऱ्यांदा ओलांडताना दुसरा ठोका. दालियाची पापणी लवली नाही.

राविया एक पाय अलीकडे, एक पलीकडे, तशीच थिजली. "आई," तिच्या तोंडून आलं, "तिला ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"दोन महिने झाले. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. माझ्या हातून पातेलं पडलं, तिच्या डोक्यामागे. पोर छताकडे बघून हसत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? तू सगळ्या घराला कुजबुजायला लावलंस ना!" इन्शिराहबाईंचे डोळे भरले होते, आवाज मात्र चढला होता. "म्हटलं, हिला जेव्हा सांगायचं असेल तेव्हा हीच सांगेल. पण तू तारीख पुढे ढकललीस ते शौकीने सांगितलं, तेव्हा म्हटलं, आता खल काढते. पाय उचल. पाच राहिलेत."

राविया रडत रडत पाच वेळा ओलांडून गेली. प्रत्येक खेपेला खल वाजला, पूर्ण जोरात.

मग म्हातारीने हात धुतले, चाळणीशी बसली, दालियाचा तळवा उचलून आपल्या गळ्यावर दाबला आणि सातव्या दिवशी बाळाला सांगतात ते मासळीबाजाराच्या आवाजात ओरडली, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस! आजीचं तर मुळीच ऐकू नकोस!"

दालियाने अंगठ्यावरची नजर काढली. ती आजीच्या गळ्याकडे टकमक बघू लागली, तोंड उघडून.

"माझं का नाही ऐकायचं?" शौकीने विचारलं, आणि त्याला हुंदका फुटला.

"उद्याच दवाखान्यात फोन कर," राविया त्याला म्हणाली. "पुढच्या महिन्याची तारीख नको. मिळेल तो पहिला दिवस घे."

तिने लेकीला नळ्या सांभाळत मांडीवर घेतलं आणि तो तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला. चार महिन्यांत तिने लेकीला एकदाही मोठ्याने हाक मारली नव्हती.

"दालिया," ती म्हणाली. गळ्यावरची बोटं हलली. मग ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खालच्या गल्लीतून कुणीतरी ओ दिली.