पाणघराची दक्षिण भिंत

वारसा सल्लागार समितीत गवंडीकाकूंना कुणी हौसेने घेतलं नव्हतं. लोकसहभागाचा एक सदस्य असल्याशिवाय धोरणाचा मसुदा पुढे सरकणार नाही, असं वरून फर्मान आलं, तेव्हा कुठे शोधाशोध झाली आणि तीन पिढ्या चुन्याचं काम करणाऱ्या घरातली ही बाई सापडली. खुर्ची दिली तीही दाराजवळची, एक पाय आखूड असलेली. काकूंनी पहिल्याच दिवशी मसुद्याची घडी करून त्या पायाखाली सारली. तेव्हापासून अध्यक्षांच्या आणि त्यांच्यात विस्तव जात नव्हता.

अध्यक्ष निवृत्त अधिकारी. ‘लोकांचा आवाज महत्त्वाचा’ म्हणायचे आणि काकूंनी तोंड उघडलं की घड्याळ बघायचे. वर्षभरात काकूंचं एकच म्हणणं मान्य झालं, तेही टेबलावर हात आपटून. गावाचं पाणी पूर्वी जिथे साठवलं जायचं त्या जुन्या पाणघराच्या भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांवर त्यांचा दात होता. पकडलं की हे लोक म्हणायचे, ‘फार जुनी गोष्ट आहे, आता काय त्याचं!’ म्हणून काकूंनी कलम चार घालून घेतलं: परवानगीशिवाय भिंतीला जो हात लावील त्याला आवारात कायमची बंदी, मग ते कितीही वर्षांपूर्वीचं असो.

आणि मग तज्ज्ञांचा अहवाल आला. पाणघराची दक्षिण भिंत म्हणे तीनशे वर्षांपूर्वीच्या मूळ गिलाव्याचा अस्सल नमुना, राष्ट्राचा ठेवा. उत्तरेची भिंत मात्र काळवंडलेली, अलीकडच्या कुणा अडाण्याने लिंपलेली. ती खरवडून सिमेंट मारावं, अशी शिफारस होती.

काकूंनी अहवाल दोनदा वाचला. दक्षिणेचा तो गिलावा त्यांनी स्वतः केला होता, अकरा वर्षांपूर्वी, दोन रविवार खपून. पाणी मुरून भिंत सुटायला लागली होती आणि परवानगीच्या अर्जाला उत्तर येत नव्हतं. खरी जुनी भिंत उत्तरेचीच. तिच्यावर सिमेंट बसलं की आतली ओल आतच कोंडणार आणि पाच-सात वर्षांत भिंत ढासळणार.

“तू काही बोलू नकोस,” लेक भांडी घासता घासता म्हणाली. “तुझं काम राष्ट्राचा ठेवा झालं. आणखी काय हवं?”

“आणि उत्तरेची?”

“आई, ते कलम तुझंच आहे. पहिली तूच अडकशील.”

काकूंना हे ठाऊक होतं. मनातून त्या सुखावल्याही होत्या आणि त्याचीच त्यांना चीड आली. रात्रभर कूस बदलत त्यांनी अध्यक्षांना मनात यथेच्छ शिव्या घातल्या, थोड्या स्वतःलाही.

पुढची बैठक पाणघरापाशीच होती. तज्ज्ञ दक्षिण भिंतीसमोर उभे राहून जुन्या कारागिरांची थोरवी गात होते.

“तो जुना कारागीर मी आहे,” काकू म्हणाल्या.

सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, “बाई, प्रत्येक ठिकाणी आपलं घोडं दामटू नका.”

काकूंनी कोपऱ्यातली एक खपली नखाने काढली आणि तज्ज्ञांच्या तळहातावर ठेवली. खपलीत हिरवे धागे होते. “चुन्यात कालवायला ताग कमी पडला, तेव्हा खताच्या पोत्याचे धागे तोडून घातले. प्लॅस्टिक आहे. तीनशे वर्षांपूर्वी मिळायचं का हो?”

तज्ज्ञांनी धागा ओढून पाहिला. त्यांचा चेहरा पडला. अध्यक्षांचा मात्र खुलला.

“म्हणजे विनापरवाना काम केल्याची कबुली,” ते म्हणाले. “कलम चार. कितीही वर्षांपूर्वीचं असो. शब्द तुमचेच ना?”

“माझेच. उत्तरेला सिमेंट नाही, हे आधी लिहा.”

“ते बघू नंतर.”

“नंतर नाही. माझ्यासमोर लिहा, मग मला हाकला. नाहीतर हे धागे घेऊन मी घरोघर फिरते. तुमचा राष्ट्राचा ठेवा लोकांना दाखवते.”

अध्यक्ष दात-ओठ खात राहिले. तज्ज्ञांनीच मान खाली घालून लिहिलं: उत्तर भिंत मूळ, तिला सिमेंट लावू नये, फक्त चुना. त्याखाली दुसरा ठराव, काकूंच्या बंदीचा. काकूंनी दोन्ही वाचले आणि दोन्हींवर सह्या केल्या. कुणी आभार मानले नाहीत. त्यांनाही ते नकोच होते.

बाहेर जाताना त्या उत्तरेच्या भिंतीजवळून गेल्या. इथून जाताना तळहात टेकवून ओल बघायची सवय चाळीस वर्षांची. हात आपसूक पुढे झाला.

“काकू,” पहारेकरी चाचरत म्हणाला, “हात नाही लावायचा आता.”

“माहीत आहे,” त्या खेकसल्या. मग हात मागे घेऊन म्हणाल्या, “तू लाव. गार लागतंय का, ते सांग मला.”