चांदीचा वाडगा आणि भोंगेवाला

किश्श्यांचं आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांचं एकच आहे बघा. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण कपाट उघडून एक काढायला जावं तर अकरा अंगावर पडतात! आता तुम्ही विचारलंत, "आजी, त्या फुटबॉलच्या फायनलला काय झालं होतं हो?" मग घ्या. एक विचारलात, आता सगळे ऐका.

आधी माणसं सांगते, नाहीतर गोंधळ व्हायचा. माझी नात केतकी, जन्म इथलाच इंग्लंडातला, म्हणून मराठी मोडकंतोडकं; वॉटफर्डला कॉलेजात, मुलींच्या टीमची गोलकीपर. माझा मुलगा नंदू ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवाला, पण शनिवारी ड्रायव्हर. पिनरचे साठेभाऊजी, त्यांची नात त्याच टीममध्ये. आणि मॉरीन. ती इथलीच, माझ्याच वयाची, तिची नात गोल मारणारी. मॉरीनला मराठी येत नाही, मला इंग्रजी बेताचं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तर झोपले की पळून जायचं, अशी. पण दोघींचं एक मिनिट अडलं नाही. चावटपणाला भाषा लागते होय?

एवढेच आम्ही. कॉलेजची पोरं स्वतः बघायला येत नसत. थंडीत रेघेवर उभे राहणारे आम्ही चौघं म्हातारे-कोतारे, हेच काय ते फॅन!

*

मॉरीनची ओळख डब्यावरून झाली. पहिल्या मॅचला मी तिला चकल्या दिल्या. पुढच्या शनिवारी तिने डबा परत केला, लखलखीत धुतलेला. आणि रिकामा!

मी म्हटलं, "नंदू, हिला सांग. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं. अगदी चिमूटभर साखर का असेना."

नंदू लाजला. "आई, इथे असं मागत नाहीत गं."

"मागत कुठे आहे? शिकवतेय!"

शेवटी सांगितलं त्याने. मॉरीन डोळे मोठे करून ऐकत राहिली. पुढच्या शनिवारी डबा आला. आत तीन छोटे कोबीचे गड्डे, सुपारीएवढे. त्याच्या पुढच्या वेळी एक अंडं. नंतर एकदा नुसता एक पायमोजा!

मी विचारलं, "हे काय गं?"

तर म्हणते, "घरात दुसरं काही नव्हतं. रिकामा कसा देऊ?"

*

आता दही-साखर. केतूला परीक्षेला जाताना मी तळहातावर दही-साखर द्यायची. मग मॅचला का नको? पहिल्या मॅचला दिली. पोरीने अर्धी चाटली, अर्धी तशीच, आणि वर ग्लोव्हज चढवले. मॅच संपल्यावर रेफरीने शेकहँड केला आणि स्वतःचा हात बघतच राहिला मेला!

केतू ओरडली, "आजी, माझा ग्लोव्हचा वास बघ! चीजसारखी येते!"

"पण गोल किती खाल्लेस?"

"...एकपण नाही."

"मग घे वास!"

मॉरीनने हे पाहिलं. म्हणाली, मलापण दे, सोमवारी माझी पण परीक्षा आहे. मी सोमवारी सकाळी तिच्या दारात वाटी घेऊन हजर. चांगला मोठा चमचा दिला, वर साखर जास्तच घातली. मला काय ठाऊक कसली परीक्षा!

रक्तातल्या साखरेची होती.

डॉक्टरने रिपोर्ट बघून विचारलं, "मॅडम, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. सकाळी काय खाल्लंत?"

मॉरीन म्हणाली, "लक!"

*

साठेभाऊजी म्हणजे शिकलेला माणूस. विम्याच्या कंपनीत मोठे साहेब होते. आमच्या दही-साखरेला हसायचे. "अहो आजी, हे सगळं थोतांड आहे. चेंडूला काय कळतं?"

मग आली सेमीफायनल. आम्ही एका गोलने मागे. साठेभाऊजी थर्मास आणायला गाडीकडे गेले, आणि इकडे गोल! बरोबरी! ते धावत परत आले, तर समोरच्यांचा चेंडू आमच्या खांबाला लागून गेला.

मी फक्त एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुमचा थर्मासचा कप गाडीत राहिला वाटतं."

ते गेले. लगेच दुसरा गोल, आमचाच!

आता बायांनो, आपल्याकडे क्रिकेट चालू असताना जो जिथे बसलेला असतो तो तिथेच राहतो. बाथरूमला जाऊ देत नाहीत. मी नंदूला म्हटलं, "जा, गाडीचं दार लाव बाहेरून." साठेभाऊजी काचेतून म्हणतात कसे, "माझा विश्वास नाही हं असल्या गोष्टींवर!" आणि सीटबेल्ट लावून बसले.

मॅच जिंकलो. त्यांनी स्वतःच विचारलं, "फायनलला गाडी कुठे लावायची?"

*

फायनल म्हटलं की भोंगेवाला आलाच.

समोरची टीम ज्या कॉलेजची, त्याला आम्ही टेकडीवरचं कॉलेज म्हणायचो. त्यांच्या कॅप्टनचा, हॅनाचा, हा बाप. लालबुंद, दाराएवढा माणूस. हातात तो शाळेच्या स्पोर्ट्‌समध्ये असतो तसला भोंगा. मॅच सुरू व्हायच्या आधीपासून चालू! "कीपरला बादली द्या रे कोणीतरी!" "तुमच्या बसचं इंजिन चालूच ठेवा, लवकर घरी जायचंय तुम्हाला!" असलं सगळं. त्यांचे बाकीचे लोक खो खो हसायचे. खरं सांगू? एखाददुसऱ्याला मलापण हसू यायचं. तोंड फिरवून हसायची मी.

पण आदल्या वर्षीच्या फायनलला काय झालं, शेवटची पाच मिनिटं, सरळ हातात आलेला चेंडू केतूच्या हातातून निसटला आणि गोल! आम्ही हरलो. तेव्हापासून वर्षभर, जिथे गाठ पडेल तिथे हा भोंग्यातून ओरडायचा, "लोण्याची बोटं!"

पोरगी हसण्यावारी न्यायची. पण एका बुधवारी मी तिच्या खोलीत गेले, तर दाराशी चॅरिटीला द्यायच्या कपड्यांची पिशवी. वर ग्लोव्हज ठेवलेले.

मी विचारलं, "हे काय?"

"ते लोक मंडेला पिशवी न्यायला येणार. सॅटर्डेला फायनल आहे. ह्यावेळी पण माझ्यामुळे हरलो ना, तर फुटबॉल संपला. मी प्रॉमिस केला स्वतःला."

पिशवी तशीच ठेवून मी बाहेर आले. बोलून काय करणार? रात्रभर त्या पिशवीचंच डोक्यात.

*

त्याच्याआधी एकदा मी भोंगेवाल्याला गाठला होता, ते सांगायचं राहिलं.

साधी लीगची मॅच. हा "लोण्याची बोटं, लोण्याची बोटं" चालू. मी हळूच त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पर्समधून चिक्की काढली, गुळाची, घरची, जरा जास्तच कडक झालेली. गोड हसून पुढे केली. म्हातारीला नाही कसं म्हणणार? घातली तोंडात.

दहा मिनिटं भोंगा बंद! जबडा उघडेना! डोळ्यांत पाणी, पण चघळतोय बिचारा. केतू गोलातून बघतेय की आज एवढं शांत कसं!

दाताखालून सुटल्यावर मला वाटलं आता शिव्या घालतो. तर हात पुढे करून म्हणतो, "अजून आहे का?"

मॉरीन सगळीकडच्या बातम्या ठेवणारी. घरी जाताना म्हणाली, "त्याची बायको गेली गं दोन वर्षांपूर्वी. मॅचला ती ओरडायची. हा नुसता कोट धरून मागे उभा राहायचा, तोंडातून शब्द नाही. ती गेल्यावर हॅना एकदा म्हणाली, आता माझ्यासाठी कोणी ओरडत नाही. दुसऱ्या दिवशी ह्याने भोंगा आणला."

मी म्हटलं, "ओरड म्हणावं, पण आपल्या पोरीसाठी ओरड. माझ्या पोरीवर कशाला?"

मॉरीन म्हणाली, "त्याला कुठे येतंय अजून? शिकतोय."

*

फायनल. टेबलावर बक्षीस मांडलेलं. ह्या स्पर्धेत कप नसतो, चांदीचा वाडगा असतो. दोन किलो श्रीखंड आरामात मावेल एवढा. मी जरा जवळ जाऊन मापच घेत होते, तर मागून भोंगा, "आजीबाई, तुम्ही जिंकलात तर काय कराल त्याचं? करी?"

हसले सगळे. मीपण हसले. म्हटलं, थांब लेका.

साठेभाऊजींना गाडीत बंद केलं. आम्ही एक गोल मारला, मॉरीनच्या नातीने. मॉरीनने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की आठवडाभर निळा होता. आणि मग, अगदी शेवटी, त्यांना पेनल्टी!

मारायला कोण? हॅना. गोलात कोण? आमची केतू.

"लोण्याची बोटं!" भोंगा. "लोण्याची बोटं!"

मी डोळे मिटले. नंदू व्हिडिओ काढत होता. त्या टेपवर पेनल्टीच्या जागी नुसतं आभाळ आहे आणि माझा आवाज, "गणपती बाप्पा, एवढं एक!"

डोळे उघडले तर केतू जमिनीवर आडवी, आणि चेंडू तिच्या पोटाशी. दोन्ही हातांनी असा घट्ट धरलाय, जसं कोणाचं तान्हं बाळ!

शिट्टी झाली. आम्ही नाचलो. मी आणि मॉरीन, चार गुडघे, त्यातले दोन नवे! तिकडे हॅना मैदानात बसून रडायला लागली. आमच्या सगळ्या पोरी वाडग्याकडे पळाल्या, पण केतू नाही गेली. ती हॅनाच्या शेजारी जाऊन बसली, ग्लोव्हजसकट. काय बोलल्या माहीत नाही. रेघेवर भोंगेवाला उभा, भोंगा खाली लोंबतोय. पहिल्यांदाच तो मला कोट धरून उभा राहणारा माणूस दिसला.

एवढ्यात पार्किंगमधून हॉर्न. पों पों पों! साठेभाऊजी! त्यांना काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं. काचा वाफेने पांढऱ्या.

मी दार उघडलं, तोंड पाडलं. "भाऊजी, काय सांगू..."

"मला माहीत होतं!" ते म्हणाले. "बचाव कच्चा, नियोजन नाही, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय..." पाच मिनिटं चालू! मी मान हलवतेय. मग मागून त्यांची नात डोक्यावर वाडगा घालून आली.

महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. पण गाडीत बसायचे मात्र गुपचूप.

सोमवारी चॅरिटीची पिशवी गेली. ग्लोव्हज हीटरवर वाळत होते.

*

वाडगा केतूकडे आठवडाभर. शुक्रवारी कॉलेजात सगळ्यांसमोर प्रिन्सिपॉलच्या हातात द्यायचा. आता चांदीचं एवढं भांडं घरात रिकामं बघवतं का? सोमवारी दुपारी शंकरपाळे तळले, वाडगा शिगोशीग भरला, मॉरीनला घेतलं आणि निघाले. भोंगेवाल्याचं घर तिला ठाऊक होतं, तीन गल्ल्या सोडून.

दार त्यानेच उघडलं. सपाता घातलेल्या, हातात भांडी पुसायचं फडकं. वाडगा बघून तोंड उघडंच राहिलं. मी म्हटलं, "करी नाही. शंकरपाळे. गोड."

तो इतकं हळू "थँक्यू" म्हणाला, मला वाटलं हाच का तो!

मॉरीनने त्याला सांगितलं, "भांडं परत आणून दे हं. आणि हे बघ, रिकामं आणायचं नाही. ह्यांच्यात चालत नाही. मी शिकलेय."

घरी आले तर केतूने घर डोक्यावर घेतलं. "आजी! तो ट्रॉफी होता! डबा नाही! त्यांना कसं दिलास तू? ते परत नाही दिला तर?"

"भांडं परत येतं गं."

"आजी, ते लोक आपल्यासारखे नाही आहेत!"

मंगळवार गेला. बुधवार गेला. कोचचा दोनदा फोन येऊन गेला. नंदू म्हणाला, आई, मी जाऊन मागून आणू का? मी म्हटलं, खबरदार! दिलेलं भांडं मागायला जायचं नसतं. पण खोटं कशाला बोलू, गुरुवारी मीपण चारदा खिडकीशी जाऊन बघून आले. केतू तर माझ्याशी बोलायचीच बंद.

गुरुवारी चार वाजता बेल वाजली. केतूने दार उघडलं. बाहेर हॅना. दोन्ही हातांत वाडगा, घासूनपुसून चमकवलेला, वर फडकं झाकलेलं.

"डॅडने पाठवलंय," ती म्हणाली. "तीन दिवस विचार करत होता, आत काय घालायचं."

केतूने फडकं उचललं.

आत भोंगा होता. बॅटरीसकट.