डोक्याचा फोटो
परवा ग्रहण पाहायला शेजारच्या पोरांनी जुना एक्स-रे डोळ्यांपुढं धरला, आणि मला कळमनुरीतलं आमचं अंगण आठवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मला जवळ कुणी नसताना आवाज ऐकू यायचे. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते थांबले, आणि थांबले हे मी फक्त थोरल्या भावाला सांगितलं होतं. "डोक्याचा फोटो काढू, गोळी पुढं लागू पडंल का न्हाई ते बराबर कळंल," म्हणत त्यानं मला नांदेडच्या एसटीत बसवलं. एक्स-रेच्या गार पाटीवर गाल टेकवून मी श्वास धरला. डॉक्टरांनी उग्र वासाची ओली फिल्म खिडकीकडं धरली. "हाड चांगलं आहे. पण हा आजार यात दिसत नसतो. गोळ्या बंद करू नका." भावानं मान हलवली. पुढच्याच आठवड्यात मला पाहायला पाहुणे आले. "पोरीच्या डोक्यात बिघाड हाय म्हणून कानावर आलं," मुलाचा मामा म्हणाला. भावानं अंगणात येऊन फिल्म उन्हात धरली. "बघा की मामा, एकदम साफ हाय! काही न्हाई तिला." संध्याकाळी त्यानं माझ्या गोळ्या चुलीत टाकल्या. लग्नाच्या मांडवातच आवाज परत आले. आता म्हणे मेंदूचे फोटो काढून कुणाला औषध लागू पडेल ते आधीच ओळखायचं चाललंय. चालू द्या. माझं औषध लागू पडलं होतं, आणि ते माझ्या भावाला कुठल्याही फोटोशिवाय माहीत होतं.