बावीस नंबरचं तसराळं

फिलुमेनाच्या भट्टीवर गोड बोलणं मिळत नसे. पाव मिळे, आणि रविवारी शिस्त मिळे. माल्टातल्या आमच्या बोर्मलात रविवारचं जेवण घरी शिजत नाही; बाया चर्चमध्ये मिसाला जाताना तसराळी भट्टीवर देऊन जातात. फिलुमेना पत्र्याचा एक बिल्ला तसराळ्यात खोचायची आणि त्याच नंबरचा दुसरा बाईच्या हातात द्यायची. बिल्ला नाही तर जेवण नाही. एकदा पाद्रीबाबा बिल्ला विसरून आले, तर त्यांनाही तिने परत पिटाळलं. तीस वर्षांत माझ्याकडून एक बटाटा इकडचा तिकडे झाला नाही, हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची.

लढाई आली. सबंध माल्टावर बॉम्ब पडत होते, पण बंदर म्हणजे आमचं अंगणच, त्यामुळे आमच्या वाट्याला जरा जास्तच. निम्मी वस्ती खेड्यांत पळाली. फिलुमेना हलली नाही. सरपण संपलं तेव्हा पडलेल्या घराच्या तुळया फोडून तिने भट्टी पेटती ठेवली.

बेचाळीस साली, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, मिसा सुटल्यावर विमानं आली. एक वाजता सुटकेचा भोंगा झाला आणि आम्ही गोदीतले सहा जण ढिगारे उपसायला लागलो. मुकादम वेन्झू. तीन घरांतून माणसं काढली. काही जिवंत, काही नाही. चार वाजता वेन्झूने पडलेल्या घरांच्या यादीची घडी घातली. उरलेलं घर विधवा जुडिट्टाचं होतं, आणि ती कालच गाडीवर पेटी टाकून लेकीकडे झेबूजला गेली, असं सगळी गल्ली सांगत होती.

तेवढ्यात फिलुमेना आली, हात तसेच पिठाचे. सगळी तसराळी गेली, बावीस नंबरचं राहिलंय, म्हणाली. ते जुडिट्टाचं. काल पेटी गेली होती, बाई नाही. झेबूजच्या भट्टीवाल्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून गच्चीवर पाळलेला शेवटचा ससा इथे भाजून, खाऊन मगच ती निघणार होती.

वेन्झू म्हणाला, बॉम्बपासून लपायच्या भुयारात बसली असेल, येईल.

"भोंगा होऊन तीन तास झाले. ससा सोडून जुडिट्टा तीन तास बसेल? ओळखतोस ना तिला?"

"मावशी, माणसं सकाळपासून उपाशी आहेत. हात उचलत नाहीत त्यांचे. रिकाम्या घरासाठी कुठे खणायला लावू?"

ती वळली. पाव तर केव्हाच संपला होता. परत आली ती बावीस नंबरचं तसराळं घेऊन, बिल्ला त्यात तसाच. ते तिने दगडावर ठेवलं.

"खा, आणि मग खणा. ती असली काय, नसली काय, तिला तोंड मी देईन."

आम्हाला लाज वाटली. पण खाल्लं. मागची एक तंगडी माझ्या वाट्याला आली.

सूर्य कलता कलता दगडी जिन्याखाली जुडिट्टा सापडली. पाय मोडलेला, केसांपासून नखांपर्यंत धुळीने पांढरी, पण जिवंत. निखळलेल्या दारावर निजवून नेताना तिने फिलुमेनापुढे मूठ उघडली. आत बिल्ला.

"आण," ती म्हणाली.

फिलुमेनाला मान खाली घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे अकरा वर्षं जुडिट्टा चर्चच्या पायऱ्यांवर जाईल त्याला सांगायची, हिने माझा ससा लोकांना चारला. खरी हकिगत आम्ही शंभरदा ऐकवली. "खणलंत ते बरं केलंत," ती माझ्याकडे बघत म्हणायची, "पण एक तंगडी ठेवता आली नसती?"

एकदा मीच चिडून फिलुमेनाला म्हणालो, मावशी, चार शब्द सुनाव की तिला.

"बोलू दे," ती म्हणाली. "बोलायला आहे ना ती."

आणि तिने जुडिट्टाचं तसराळं भट्टीत पार आत, चांगल्या आचेला सरकवलं.